उपचार आणि गुप्तता

भिवंडी ही यंत्रमागांची नगरी खरी. परंतु आज तिच्या सभोवार देशभरच्या मालाची अवाढव्य गोदामे उभी आहेत, आणि त्या उलाढालीच्या आडून नको तो मालही येथे येतो. जून २०२२ मध्ये केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाने येथे पकडलेल्या एका वाहनात कोडीनमिश्रित खोकल्याच्या औषधाच्या ८,६४० बाटल्या निघाल्या. या बाटलीस दारूचा दर्प नाही, चिलमीचा धूर नाही. महाविद्यालयीन मुलाच्या दप्तरात ती सापडली, तरी आईस वाटावे की पोराला खोकला झाला आहे!

व्यसन असे लपून येत असेल, तर त्यावरील पहिला उपायही चारचौघांत होणार नाही. मोबाइल फोनचे मोल येथे आहे. समुपदेशकाच्या खोलीचे दार ठोठावण्यास जो धजत नाही, तो रात्री एकांतात १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवू शकतो. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा अहोरात्र व विनामूल्य चालू आहे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने तर अतिमद्यपान करणाऱ्यांसाठी फोनवरील लघुसंदेशांचा उपक्रम रचून पाहिला आहे.

तथापि यंत्र हाती दिले की काम झाले, असे नव्हे. रक्तातील मद्याचे प्रमाण दाखविणारे एक मोबाइल-साधन स्वीडनमध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांस देऊन पाहिले, तेव्हा तरुणांची पिण्याची वारंवारता घटण्याऐवजी वाढली, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मोह आवरण्याची कौशल्ये शिकविणाऱ्या साधनाचा अनुभव २०१७ साली काहीसा बरा आला. नुसते मोजमाप हा उपचार नव्हे, हे आपल्या विद्यापीठाने ध्यानी घेतलेले बरे.

आमची खरी धास्ती निराळीच आहे. महाविद्यालयाने असे साधन पुरविले आणि त्यात विद्यार्थ्याने दिलेली प्रांजळ उत्तरे प्राचार्यांच्या मेजावर, तेथून पालकांकडे वा पोलिसांकडे जाऊ लागली, तर दुसऱ्या दिवसापासून एकही खरे उत्तर मिळणार नाही. वस्तुतः कायदा विद्यार्थ्याच्या बाजूस आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, सेवनाचा वा स्वल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनाधीन मनुष्य स्वेच्छेने शासनमान्य ठिकाणी उपचार पुरे करील, तर त्याजवर खटला चालत नाही. किती विद्यार्थ्यांस हे कोणी सांगितले आहे? शिस्तभंगाच्या नोटिसा मात्र फलकावर ठळक अक्षरांत लागतात.

मुंबई विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांस लेखी बजवावे की, अशा साधनांतील नावनिशीवार माहिती महाविद्यालयाने मागू नये आणि साठवू नये. हा खुलासा मराठीत हवाच. पण ज्या गावात घरोघरी उर्दू, हिंदी व तेलुगू बोलली जाते, तेथे त्या भाषांतही हवा. आणि फोनवर धीर आलेल्या मुलास पुढे कोठे पाठवावयाचे? इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, कोणाला भेटावे, एवढे तरी फोनवरील माणसास सांगता आले पाहिजे.