स्वखर्चाने सेवा

ज्या सेवेचे पैसे आधी भरावे लागतात आणि पावती जपून ठेवावी लागते, ती सेवा नव्हे, ती खरेदी. हे मत कॉमर्सच्या पदवीमुळे बनलं असेल. पण काउंटरच्या आत इतकी वर्षं बसून एवढं कळतंच की, पैसे देणारा तो गिऱ्हाईक आणि घेणारा तो दुकानदार. मधे सिंह उभा केला म्हणून नोंद बदलत नाही.

आमच्या बोरिवलीत सध्या परदेशी जाऊन वन्यप्राण्यांची सेवा करण्याची साथ आहे. पूर्वी मध्यमवर्गीय माणूस चारधाम करी, मग सिंगापूर-बँकॉक करू लागला, आता आफ्रिकेला सेवेला जातो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे चिरंजीव दक्षिण आफ्रिकेला निघालेत. दहा दिवस सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायचं आणि मग चार दिवस सफारी. परकीय चलनाचं विचारायला वहिनी पत्रक घेऊन आल्या.

"वहिनी, या छाव्यांच्या आया कुठे असतात?"

"अनाथ आहेत हो बिचारे!"

"बाराही महिने? दर पंधरवड्याला नवी तुकडी येते, तिला पुरतील एवढे अनाथ?"

वहिनींनी पत्रक उलटून पाहिलं. मागे विम्याच्या अटी होत्या.

आता त्या अनाथांविषयी, आणि इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. दक्षिण आफ्रिकेत कुंपणात सिंहांची पैदास करण्याचा मोठा धंदा आहे. पिल्लं जन्मून थोडे दिवस झाले की आईपासून तोडायची, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा गाभण राहते. पिल्लांना दूध पाजायला स्वयंसेवक हजर. तेही स्वतः पैसे भरून! थोडी वाढली की पर्यटकांबरोबर फिरायला. आणखी वाढून अंगावर येऊ लागली की कित्येकांची रवानगी कुंपणातल्या शिकारीसाठी. हाडं आशियातल्या बाजारात. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह काही जंगलात परत जात नाही. २०१५ साली 'ब्लड लायन्स' या माहितीपटाने हे सगळं उघड्यावर मांडलं आणि २०२१ साली तिथल्या सरकारनेही हा धंदा थांबवण्याचं धोरण जाहीर केलं. प्रामाणिक आश्रयस्थानंही आहेत, नाही असं नाही. त्यांची खूण सोपी: ती प्राण्याला हात लावू देत नाहीत. पण हात लावायला मिळाला नाही तर फोटो कसला काढणार?

सफारीला माझा विरोध नाही, बरं का. खुशाल मसाई माराला जा, तिकीट काढा, जुलै ते ऑक्टोबर ती विल्डेबीस्टची झुंड नदी ओलांडताना बघा, 'अगं बाई' म्हणा आणि परत या. सरळ सहल आहे. फक्त परत आल्यावर सत्कार मागू नका.

आणि सेवाच करायची तर घराच्या मागे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. २०१५ च्या कॅमेऱ्याच्या गणतीत तिथे नि आजूबाजूला ३५ बिबटे भरले. आरेच्या पाड्यांतले वारली त्याला वाघोबा म्हणून पुजत आले. आम्ही फ्लॅटवाले त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्याला बाटली नको आहे. आपला कचरा बंद डब्यात जावा, एवढीच त्याची सेवा. कचऱ्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. २०११ पासून वनखात्याबरोबर काही मुंबईकर वस्त्यावस्त्यांत हेच सांगत फिरले. त्याची पत्रकं काही चकचकीत नव्हती.

मागच्या महिन्यात आमच्या गेटच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. लगेच सभा. 'त्याला पकडून लांब सोडावे', असा ठराव. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक चिरंजीव. मी सांगितलं की २००४ साली इथे हल्ल्यांनी कहर केला, माणसं गेली, आणि बाहेरून पकडून उद्यानात आणून सोडलेल्या बिबट्यांशी अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला. शिवाय सोडलेला बिबट्या तिथे राहतो थोडाच! २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या 'आजोबा'ला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तर तो शंभरावर किलोमीटर चालत थेट आपल्या उद्यानात आला. पुढे २०११ मध्ये गाडीच्या धडकेने गेला. त्याच्यावर २०१४ साली सिनेमाही निघाला.

"सिनेमा आम्ही पाहिलाय," सेक्रेटरी म्हणाले. "उर्मिला मातोंडकर होती."

ठराव एका विरुद्ध सर्व मतांनी मंजूर. ओला कचरा रात्री गेटबाहेर ठेवू नये, या माझ्या उपसूचनेला अजून अनुमोदक मिळालेला नाही. ती पुढच्या सभेत येईल. चिरंजीव तेव्हा दूध पाजत असतील.