शेळ्या पेणला आहेत

रोह्याला बहिणीकडे गेले की भाचीची वही पाहायची, हा माझा नेम. ती सहावीत आहे, मराठी शाळेत. परवा इंग्रजीच्या वहीत एका वाक्यावर लाल फुली दिसली. वाक्य होतं, 'द गोट्स आर इन द पेन.' तिने त्याचं मराठी केलं होतं, 'शेळ्या पेणला आहेत.' वर्गात सगळे हसले, आणि दोन दिवस तिने इंग्रजीच्या पुस्तकाला हात लावला नाही.

मला ते उत्तर वाचून वाईट वाटलं, ते तिच्यासाठी. मी पेणला राहते. माझ्याकडे येताना ती स्टेशनवरची पिवळी पाटी वाचते. त्यावर इंग्रजीत पी, ई, एन एवढीच अक्षरं असतात. लिहायचं पेन तिला ठाऊक होतंच. शेळ्या काही त्या पेनात मावायच्या नाहीत, म्हणून तिने दुसरा अर्थ घेतला. जवळ दोनच अर्थ, त्यातला शक्य तो तिने निवडला. तिसरा तिला कुणी सांगितलाच नव्हता.

तिसरा अर्थ, शेळ्यामेंढ्या कोंडायची कुंपणाची जागा. हा शब्द जुन्या इंग्रजीतला. लिहायचं पेन लॅटिनच्या 'पेन्ना'वरून फ्रेंचमार्गे आलं. पेन्ना म्हणजे पीस, कारण तिकडे पिसाच्या टोकाने लिहीत. दोघांचं काही नातं नाही. शिवाय हंसाच्या मादीलाही इंग्रजीत पेन म्हणतात. पेन्सिल तर पेनची धाकटी बहीण वाटते, पण तीही नाही. तिचं मूळ बारीक कुंचल्याच्या लॅटिन नावात आहे, आणि त्या नावाच्याही मुळाशी 'छोटी शेपटी' आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसणारी बुरशी पेनिसिलियम झाली, आणि १९२८ साली फ्लेमिंग यांना तिच्यात सापडलेलं औषध पेनिसिलिन. म्हणजे पेन्सिल आणि पेनिसिलिन एका घरातली, पेन परकं. पेनिन्सुला म्हणजे 'जवळजवळ बेट'. त्याचाही पेनशी संबंध नाही.

हे ऐकताना भाची फुली विसरली. "मावशी, आपल्यात असं असतं का गं?" तिने विचारलं.

मी तिला परसात नेलं. तिथे हापूसचं कलम आहे. कलम म्हणजे बोरूसुद्धा, आणि कायद्याचं कलमसुद्धा. हा शब्द अरबी-फारसीतून आला. मुळात तो लिहिण्यासाठी कापलेल्या बोरूचा. कापण्यावरून झाडाचं कलम झालं, लिहिण्यावरून कायद्याचं. इथे एकाच शब्दाला फांद्या फुटल्या आहेत, इंग्रजी पेनमध्ये निरनिराळी झाडं शेजारी शेजारी उगवली आहेत. हा फरक तिला चटकन कळला, कारण कलम तिने रोज पाहिलेलं होतं.

मग तिनेच रोह्याची पहिली दोन अक्षरं घेतली आणि आम्ही त्यांना पुढचं अक्षर जोडत गेलो. आर, ओ, डब्ल्यू: रांग, आणि नाव वल्हवणं. तोच शब्द 'राव' असा उच्चारला की भांडण. आर, ओ, ई म्हणजे गाभोळी, हे सांगितल्यावर ती आनंदाने ओरडलीच. बाजारातून येणारी, तळलेली, तिच्या आवडीची गाभोळी! तोच शब्द युरोपातल्या एका लहान हरणाचंही नाव आहे, आणि ते हरीण त्या गाभोळीच्या नात्यातलं नाही.

जुन्या मराठीत 'पेणे' म्हणजे प्रवासातला मुक्काम. माझ्या गावाचं नाव त्याच्याशी जोडायचा मोह मलाही होतो, पण मी ते तिच्यासमोर जोडलं नाही. अक्षरं सारखी म्हणून नातं धरायचं नाही, हेच तर तिला सांगत होते.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इतक्या वर्षांनंतरही मुलांच्या हाती पडते ती एका शब्दापुढे एकच अर्थ लिहिलेली यादी. पी-ई-एन पेन, पेन म्हणजे लेखणी, पुढचा शब्द. लहान शब्दच सर्वांत अवघड असतात, कारण एका दारामागे तीन-तीन घरं असतात. यादीतला पहिला अर्थ पाठ केलेलं मूल दुसऱ्या घरापाशी अडखळतं आणि स्वतःला मठ्ठ समजू लागतं. हे मला सहन होत नाही.

तिचं उत्तर चूक होतं, हे मी लपवलं नाही. गावाचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि त्याआधी 'द' येत नाही, या दोन खुणा तिला दाखवल्या. त्या फुलीशेजारी कुणी दोन मिनिटं बसून दाखवल्या असत्या, तर दोन दिवस वाया गेले नसते.

शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. असं उत्तर दिसलं तर फुली मारण्याआधी मुलाला जवळ बोलावून एवढंच विचारा, "हा अर्थ तू कुठून आणलास, बाळा?"