करवत निवडताना

घरात लाकडाचं काम निघालं की प्लायचा दर्जा, सनमायक्याचा रंग, कपाटाच्या मुठी यांवर आपण आठवडाभर खल करतो. मिस्त्री कापणार कशानं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

पुष्कळ ठिकाणी सुतार फरशी कापायच्या मार्बल कटरला दातेरी पातं बसवून प्लाय कापताना दिसतात. यंत्र हलकं आणि स्वस्त, पण ते दगडासाठी बनलेलं. त्याचं पातं मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेतं; लाकडासाठीच्या सात इंची सर्क्युलर सॉचं साधारण ५,०००. शिवाय सर्क्युलर सॉला स्प्रिंगचं झाकण असतं. काप संपताच ते पातं झाकतं. मार्बल कटरला तसं झाकण नसतं. दाते लाकडात अडकले, की यंत्र उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतं.

म्हणून लांब, सरळ कापासाठी सर्क्युलर सॉ. वळणासाठी, ओट्यावरच्या सिंकच्या भोकासाठी जिगसॉ. घरी हौसेनं काही करू पाहणाऱ्यानं जिगसॉपासूनच सुरुवात करावी. सात इंची पात्याला २४ दाते असतील तर ते भराभर कापतं, पण प्लायची कड उचकटते. ४० किंवा अधिक असतील तर काम सावकाश, पण स्वच्छ होतं. पातं बदलताना प्लग काढलेला असावा, फिरत्या पात्यापाशी हातमोजे नसावेत. चष्मा आणि मास्क ही चैन नव्हे. लाकडाच्या भुशानं कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलं आहे.

बँकेत असताना सुतारांच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. सोबतच्या कोटेशनात यंत्राची किंमत असे. झाकणाबद्दल अवाक्षर नसे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांसाठी अवजारांना १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली गेली, हे चांगलंच झालं. पण सरकारनं दिलं तरी घरमालकानं मागायला हवं.

'आम्ही वर्षानुवर्षं असंच कापतो, साहेब,' असं मिस्त्री म्हणेल. त्याच्या हातातलं कसब खरंच असतं. पण अडकलेल्या पात्याला ते ठाऊक नसतं. तेव्हा मजुरी ठरवतानाच योग्य करवतीची अट घाला, आणि त्यापायी त्यानं चार पैसे जास्त मागितले तर घासाघीस न करता द्या.