राखेचे खत कोणाच्या पदरात?

चुलीतली किंवा शेकोटीतली चिमूटभर गार राख मिळाली तर ती अर्धा पेला पाण्यात कालवा. पाणी निवळले की त्यात हळद माखून वाळवलेल्या कागदाची पट्टी बुडवा. पिवळी पट्टी तांबडी होईल. राखेचे पाणी अल्कधर्मी असल्याची ही खूण. लाकडातले पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम जळून जात नाहीत. ते कार्बोनेटांच्या आणि ऑक्साइडांच्या रूपाने राखेत उरतात. ‘पोटॅश’ हे नावदेखील मडक्यात राख उकळून काढलेल्या क्षारावरूनच पडले आहे.

एवढे कळले की पुष्कळजण पुढचे अनुमान झटकन काढतात: रान जळाले, राख झाली, राख म्हणजे खत, तेव्हा जमिनीचे भलेच झाले! कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यामुळे आपल्याला तर हे अनुमान फारच पटते. पण राब भाजतात तो बांध घातलेल्या सपाट तुकड्यावर, आणि विस्तव लावणारा शेतकरी राखण करीत तेथेच उभा असतो. डोंगरउतारावरच्या वणव्याला ना बांध, ना राखण. मला वाटते, ‘राख म्हणजे खत’ हे वाक्य वणव्याच्या बाबतीत अर्धेच खरे आहे, आणि अर्ध्या सत्यामुळे नुकसान होते.

याचा पडताळा पाहण्यास भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशासारखी जागा नाही. पोर्तुगाल, स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान, अल्जेरिया या देशांत उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. तेथल्या पाइन वृक्षांत राळ, रोजमेरीसारख्या झुडपांच्या पानांत सुगंधी तेले; म्हणजे पेटायला निमित्तच हवे. जून २०१७ मध्ये पोर्तुगालमधील पेद्रोगाव ग्रांदे येथील वणव्यात साठाहून अधिक माणसे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्रीसच्या एव्रोस भागात ऐंशी हजारांहून अधिक हेक्टर जमीन जळाली. वणवे बहुधा जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत पेटतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरदार सरी कोसळू लागतात. मधले काही आठवडे, तेवढीच काय ती जमिनीला सवड.

आता मातीच्या आत काय घडते ते पाहू. माती ही उष्णतेची मंद वाहक आहे. वर ज्वाळा भडकलेल्या असताना चार-पाच सेंटिमीटर खाली पुष्कळदा हात भाजण्याइतकीही धग पोचत नाही, आणि ओल असेल तर ती उडून जाईपर्यंत तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही. खरा खेळ चालतो तो वरच्या बोटभर थरात. पण मातीतली बहुतेक संपत्ती त्याच थरात असते! सुमारे २०० अंश सेल्सियसला सेंद्रिय द्रव्य करपू लागते व त्यातला नायट्रोजन वायुरूपाने उडू लागतो. साडेचारशे अंशांच्या आसपास बहुतेक सेंद्रिय द्रव्य जळून संपते. लोहाची पिवळसर संयुगे तापून तांबडी होतात. म्हणून जेथे ओंडका रात्रभर धुमसला तेथे विटेसारखा लाल डाग दिसतो.

जो नायट्रोजन उरतो त्याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. आगीनंतर मातीत अमोनियम एकदम वाढते, म्हणजे झाडांना आयते ताट वाढल्यासारखेच. परंतु जेवायला झाडच नसते. मग जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवीत नाही. पाऊस आला की ते पाण्याबरोबर निघाले!

फॉस्फरसचे निराळे. सेंद्रिय रूपात अडकलेला फॉस्फरस आगीने मोकळा होतो खरा, पण या प्रदेशात चुनखडीची जमीन फार. तेथे कॅल्शियम त्याला पुन्हा बांधून टाकते व थोड्याच काळात तो मुळांच्या हाती लागेनासा होतो. राखेमुळे अल्कधर्मीपणा वाढला की लोह, मँगेनीज, जस्त हेही मुळांना दुर्मिळ होतात.

आणि एक करामत आहे. पालापाचोळ्यातले मेणचट पदार्थ उष्णतेने वाफ होऊन खाली उतरतात आणि गार कणांवर जमून बसतात. साधारण दोनशे अंशांच्या सुमारास माती अशी जलविरोधी होते. तीनशेच्या आसपास गेल्यास तो लेप जळून जातो. म्हणजे मध्यम आगच येथे जास्त खोडी काढते. अशा मातीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो अळवाच्या पानावर राहावा तसा राहतो. मग पहिल्या सरीचे पाणी मुरणार कसे? ते उताराने धावते, आणि जिला आपण खत म्हणत होतो ती राख, तिच्याखालच्या मातीसह, ओढ्यात व धरणात जाऊन पडते. एक सेंटिमीटर माती घडण्यास शेकडो वर्षे लागतात; जायला एक रात्र पुरते.

म्हणूनच जळलेल्या डोंगरावर लगेच यंत्रे नेण्याची घाई मला चुकीची वाटते. स्पेन-पोर्तुगालात कित्येक ठिकाणी जळके ओंडके ओढून काढले गेले, उतार नांगरून पायऱ्या पाडल्या गेल्या आणि पाइन किंवा निलगिरीची नवी लागवड झाली. हेतू चांगला, पण ज्या वेळी मातीला हात लावू नये नेमकी तीच वेळ साधली. रस्त्याकडेची पडाऊ झाडे तोडावीच लागतात, आणि लाकूड किडण्याआधी विकले नाही तर मालकाचे नुकसान होते, हे मला मान्य आहे. तरी पहिला एक हिवाळा तीव्र उतारांना सोडावे, आणि पैसा असेल तर तो रोपांआधी पेंढ्यावर खर्चावा.

होय, साध्या पेंढ्यावर! स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला गॅलिसिया हा प्रांत खरा अटलांटिकच्या पावसाचा, पण तेथे जळलेल्या उतारांवर हेलिकॉप्टरमधून गव्हाचा पेंढा टाकतात. हेक्टरी दोन-अडीच टन. पोर्तुगालमध्ये संशोधकांनी निलगिरीच्या सालींचे तुकडे पसरून पाहिले, तेव्हा वाहून जाणारी माती पुष्कळच कमी झाली. पेंढा वाऱ्याने उडतो, ही त्याची उणीव. पण थेंबाचा मार तो झेलतो, पाण्याचा वेग मोडतो, आणि राख जागच्या जागी राहते.

बाकीचे काम तेथल्या वनस्पतींना ठाऊक आहे. काटेरी ओक बुंध्यातून पुन्हा फुटतो. अलेप्पो पाइनची बंद शंकूफळे आगीच्या धगीने उघडून बी सांडतात. द्विदल कुळातल्या काही रोपट्यांच्या बियांचे कठीण कवच उष्णतेने तडकते व पहिल्या पावसातच ती उगवतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन मातीत आणू लागतात. आगीने जे उडवले ते भरून काढणारी मंडळी अशी मातीतच दडून बसलेली असतात. त्यांच्यावरून नांगर फिरवू नये, इतकेच मागणे आहे.

आपल्या सह्याद्रीच्या गवताळ उतारांवरही फेब्रुवारी ते मे या काळात वणवे लागतात आणि जूनमध्ये पाऊस येतो. तुमच्या गावाजवळचा एखादा उतार जळला असेल तर तो पुरता गार झाल्यावर, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तेथे जा. राख अलगद बाजूला सारून कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब सोडा आणि तो मुरायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाचपेक्षा जास्त लागले तर ती माती जलविरोधी समजावी. शेजारच्या न जळलेल्या जागीही तेच करा आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. पहिल्या पावसानंतर पुन्हा मोजायचे आहेत.