बँक आयसीयूत जाते तेव्हा...

तुमचं सॅलरी अकाउंट एखाद्या चकाचक प्रायव्हेट बँकेत असेल. पण गावाकडं बाबांची एफडी कुठंय? नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत उत्तर एकच येतं, 'डीसीसी'. म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. पीककर्ज तिथंच, बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले पैसेही तिथंच. त्यामुळं बँक बुडता बुडता वाचते कशी, हे कळणं फक्त इकॉनॉमिक्सवाल्यांचं काम नाही, बॉस!

आधी जरा परदेशवारी. 1997 चं आशियाई संकट. इंडोनेशियानं 1 नोव्हेंबरला एका झटक्यात 16 बँका बंद केल्या. पण उरलेल्या बँकांतला सगळा पैसा सेफ आहे, असा भरवसा कुणी दिला नाही. झालं! लोक चांगल्या बँकांतूनही पैसे काढायला धावले. शेवटी जानेवारी 1998 मध्ये सरकारला ठेवींची सरसकट हमी घ्यावी लागली.

कोरियात 'कॅमको' या सरकारी कंपनीनं बँकांची थकीत कर्जं कमी भावात उचलली, सरकारनं भांडवल ओतलं, तग न धरणाऱ्या बँका बंद किंवा विलीन केल्या. नाणेनिधीचे पैसे ऑगस्ट 2001 मध्ये, मुदतीआधीच फेडून मोकळे!

थोडक्यात फंडा असा : आधी घबराट थांबवा, मग बुडीत कर्जाला बुडीत म्हणा, मग भांडवल घाला.

आता घरी या. 2005 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नांदेड जिल्हा बँकेवर निर्बंध घातले. पैसे आपलेच, पण काढता येईनात. ठेवींचा विमा तेव्हा फक्त 1 लाखाचा, आणि तोही बँकेला टाळं लागलं तरच हाती पडणार. बँक ना धड बंद, ना धड चालू. ठेवीदार मध्येच लटकलेला.

आणि दुखणं एकट्या नांदेडचं नव्हतं. 2002 च्या होम ट्रेड घोटाळ्यात नागपूर, वर्धा आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) इथल्या जिल्हा बँकांचे पैसे अडकले होते. शेवटी वैद्यनाथन समितीच्या अहवालावरून केंद्रानं 2006 मध्ये देशभरातल्या सहकारी पतपुरवठ्यासाठी 13,596 कोटींचं पॅकेज आणलं. पण अट घालून : हिशेब स्वच्छ करा, कारभार सुधारा, मगच पैसे. पुढं परवान्यासाठी किमान 4 टक्के भांडवलाची रेषा आखली गेली. 2014 मध्ये परवाना नसलेल्या 23 जिल्हा बँकांसाठी केंद्रानं वेगळी योजना काढली. त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या : नागपूर, वर्धा, बुलढाणा. नांदेड त्या यादीत नव्हती.

शेजारच्या लातूरचं काय? तेच सोयाबीन, तोच लहरी पाऊस. 2016 मध्ये तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी नोटाबंदीत, 14 नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच मनाई झाली. तरीही अलीकडच्या वर्षांत लातूरची जिल्हा बँक 5 लाखांपर्यंतच्या बिनव्याजी पीककर्जासाठी चर्चेत आली. म्हणजे सगळं खापर पावसावर फोडता येत नाही. कर्ज कुणाला दिलं आणि वसूल कसं केलं, यावर बँकेची तब्येत ठरते. कारखान्याचा चेअरमन आणि बँकेचा संचालक एकाच गोटातले असले, की वसुलीची नोटीस कोण काढणार?

आता आपल्या कामाचं. 4 फेब्रुवारी 2020 पासून ठेवींचा विमा 5 लाखांचा झालाय, मुद्दल आणि व्याज धरून. एका बँकेत एका माणसाला एवढाच, शाखा कितीही असोत. 2021 च्या दुरुस्तीमुळं निर्बंध लागले तरी 90 दिवसांत ही रक्कम मिळायला हवी. 2005 मध्ये नांदेडकरांना हे मिळालं असतं तर!

पण गंमत बघा : जिल्हा बँकेला हा विमा आहे, पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटीला नाही. बोर्ड सारखाच दिसतो, एजंट ओळखीचाच असतो, व्याज दोन-चार टक्के जास्त असतं. बीडच्या 'ज्ञानराधा'चे ठेवीदार 2023 पासून हा फरक भोगताहेत.

तेव्हा या वीकेंडला गावाकडं फोन कराल, तेव्हा 'जेवलात का?' नंतर अजून एक प्रश्न विचारा. 'बाबा, एफडीच्या पावतीवर नाव कुणाचं आहे? बँकेचं की सोसायटीचं?'