पैसे देऊन मजुरी? हो, मजुरीच!

गणपतीबाप्पांना निरोप देऊन आठवडा उलटत नाही, तोच आपल्या मंडळात दुसऱ्या उत्सवाची हाक येते : अ‍ॅपल पिकिंग! व्हॉट्सअ‍ॅपवर फार्मचा पत्ता येतो, बटाटेवडे कोणी आणायचे आणि इडल्या कोणी हे ठरतं, आणि शनिवारी सकाळी एखाद्या बागेच्या गवताळ पार्किंगमध्ये आपल्या मिनीव्हॅन ओळीनं उभ्या राहतात. न्यू जर्सीत जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैत ब्लूबेरी, ऑक्टोबरात भोपळे असतातच. पण सगळ्यांत मोठी जत्रा सफरचंदांची.

या सहलीवरून आपल्यात दोन पक्ष आहेत. पहिला हिशेबी. त्याचं म्हणणं, "सुपरमार्केटात धुतलेली, पुसलेली, याहून स्वस्त मिळतात. पैसे देऊन मजुरी करायची हौस कोणी सांगितली?" भारतातून मुक्कामाला आलेल्या आई-बाबांचा या पक्षाला भक्कम पाठिंबा असतो. दुसरा पक्ष हौशी. त्याचं म्हणणं, "मुलांना जरा मजा करू द्या की! तिकीट काढलंय, खाऊ देत पोटभर." मला या दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे. पहिल्याशी थोडं, दुसऱ्याशी बरंच.

हिशेबी पक्षाचा हिशेब तसा चुकीचा नाही. फळं आपण तोडतो, त्यामुळे शेतकऱ्याची तोडणीची मजुरी वाचते, पेट्या भरणं आणि ट्रकनं पाठवणं वाचतं, आणि मधला व्यापारी नसल्यामुळे किरकोळ विक्रीचा भाव थेट त्याच्या हाती पडतो. म्हणजे आपण खरोखरच पैसे देऊन मजुरी करतो. पण त्या पैशांत मुलांना जे मिळतं, ते सुपरमार्केटात कुठल्याही भावानं मिळत नाही. तिथं ऋतूच नसतो. जानेवारीत स्ट्रॉबेरी असते आणि मे महिन्यात सफरचंद. चार वर्षांच्या मुलाला वाटतं, फळ म्हणजे प्लॅस्टिकच्या डब्यात असणारी वस्तू.

तेच मूल जूनमध्ये स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशी उकिडवं बसलं, की पानांखाली हात घालून फळ शोधावं लागतं. अर्धं पांढरं, अर्धं लाल असेल तर सोडून द्यावं लागतं, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. घरी नेऊन आढीत घालायला तो काही हापूस नव्हे! ब्लूबेरी वरून निळी दिसली तरी देठाशी तांबूस कडं असेल तर ती आंबट निघणार. सफरचंद ओढायचं नसतं; तळव्यात धरून वर उचलायचं आणि हलकेच पिळायचं. पिकलेलं असेल तर ते आपण होऊन हातात येतं. थांबणं, पारखणं आणि हात हलका ठेवणं हे तीन धडे एका सकाळी देणारी शाळा मला तरी दुसरी ठाऊक नाही. त्यामुळे हिशेबी मंडळींनो, जरूर चला. आई-बाबांनाही घेऊन चला. त्यांच्यातल्या अनेकांना पिकातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता हौशी पक्ष. गेली काही वर्षं या सहलींत मी जे बघते आहे, ते स्पष्ट लिहिते. राग आला तर येऊ दे. एक घास खाऊन फेकलेली सफरचंदं ओळीच्या ओळीनं गवतात पडलेली असतात. "हे आंबट आहे" म्हणून दुसरं, "हे छोटं आहे" म्हणून तिसरं. उंचावरचं हवं म्हणून बाबा फांदी धरून गदागदा हलवतात आणि हाताला आलेल्या एका फळाबरोबर दहा खाली पडतात. खाली पडलेलं कोणी घेत नाही, कारण 'ते खराब असतं'. घरी जाताना पिशवी मात्र पाच पौंडांची, कारण तेवढीच तिकिटात मिळते. पोट आतच भरलेलं असतं. फुकट ते पौष्टिक!

आपल्याकडेच असं होतं असं मुळीच नाही. सगळ्या देशांची आणि रंगांची माणसं त्या बागेत असंच वागतात. पण मी मराठी स्मरणिकेत लिहिते आहे, म्हणून मराठी माणसांशी बोलते. "शेतकऱ्यानं हे तिकिटात धरलेलंच असतं," असं उत्तर मला हमखास मिळतं. चव बघणं त्यानं धरलेलं असतं, हे मान्य. काही फार्मवर तशी पाटीही असते. पण चव बघणं म्हणजे एक फळ, पूर्ण खाल्लेलं. एकेक घास घेऊन बारा फळं फेकणं याला मराठीत नासाडी म्हणतात, आणि तिची किंमत कुठल्याही तिकिटात बसत नाही.

कारण ते फळ तिथं कसं आलं, हे बघा. हिवाळ्यात बर्फात उभं राहून छाटणी करावी लागते. वसंतात फुलं धरली, की बारकी फळं विरळ करावी लागतात, नाहीतर उरलेली फळं मोठी होत नाहीत आणि पुढच्या वर्षीचा बहरही कमी येतो. सफरचंद ज्या आखूड, जाडसर काडीवर लागतं, तीच काडी पुढल्या वर्षीही फळ देते. फळ ओरबाडताना ती मोडली, की पुढच्या सप्टेंबरचं फळ आत्ताच गेलं. आपली लाडकी हनीक्रिस्प घ्या. मिनेसोटा विद्यापीठात १९६० साली तिचा संकर केला आणि ती जात शेतकऱ्यांच्या हाती आली १९९१ साली. एकतीस वर्षं! आणि आपण एक घास घेऊन ती गवतात टाकतो.

एवढं करूनही पीक हाती येईलच असं नाही. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यूयॉर्क राज्याच्या आणि न्यू इंग्लंडच्या अनेक भागांत अवेळी कडाक्याचं दहिवर पडलं. सफरचंदाची झाडं नेमकी फुलांवर आणि कोवळ्या फळांवर होती. एका रात्रीत कित्येक बागांचं वर्षाचं पीक गेलं. हे वाचून आपल्याला परकं वाटायला नको. मार्च २०१४ च्या गारपिटीनं महाराष्ट्रात द्राक्षं, डाळिंबं आणि उभी रब्बी पिकं झोडपली, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी गावी फोन केले होते. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा नाहीतर पणजोबा तरी शेतात राबलेले आहेत. माळ्यावर बसून, हातात गोफण घेऊन त्यांनी जोंधळ्याची राखण केलेली आहे. त्यांची पतवंडं दुसऱ्याच्या बागेत पाखरांहून जास्त नासाडी करतात, आणि आपण त्याचे फोटो काढतो!

हुरड्याला गेलेली माणसं आपल्यात अजून आहेत. तिथंही शेतात जाऊन पोटभर खाणंच असतं. पण कणसं शेतकरी काढतो, आगटीत तो भाजतो, हातावर चोळून गरम दाणे तो आपल्या पुढ्यात टाकतो आणि आपण त्यानं सांगितलं तिथं बसून खातो. आपण पाहुणे आहोत, हे लहान पोरालाही कळतं. इथं आपण तिकीट काढलं, की पाहुणे न राहता मालक होतो. बिघाड नेमका इथं आहे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. मुलांना आपण सांगतो, "फळं तोडणं किती मजेचं आहे, नाही?" वीस मिनिटं, शनिवारी, थंड हवेत, पुढे गरम सायडर डोनट असेल तर मजेचं आहेच. पण या देशात हेच काम दिवसभर, उन्हात, कमरेत वाकून करणारी माणसं आहेत, आणि त्यांतली बहुतेक आपल्यासारखीच परदेशांतून आलेली आहेत. १९३८ साली फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट झाला, तेव्हा शेतमजुरांना त्यातून वगळलं. किमान वेतन त्यांच्यातल्या काहींना १९६६ नंतर मिळू लागलं. चाळीस तासांवरच्या कामाला दीडपट पैसे हा आपल्या ओळखीचा नियम, पण केंद्रीय कायद्यानं तो शेतमजुरांना आजही लागू नाही. काही राज्यांनीच तो आपापल्या कायद्यानं आणला आहे. त्याच केंद्रीय कायद्यानुसार दुकानात किंवा ऑफिसात काम करायला साधारणपणे चौदा वर्षं पूर्ण लागतात. शेतात मात्र आई-वडिलांची संमती असेल, तर बारा वर्षांचं मूल शाळेच्या वेळेबाहेर मजुरी करू शकतं. बारा वर्षांचं! आपल्या मंडळाच्या बालनाट्यात काम करणारी निम्मी मुलं त्या वयाची आहेत.

हे चार वर्षांच्या मुलाला सांगायचं का? नाही. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सांगायलाच हवं, आणि सांगायची जागा तीच आहे. एक साधा प्रयोग करा. त्याला एक पौंडाची टोपली द्या, घड्याळ लावा आणि न खाता ती ब्लूबेरीनं भरायला सांगा. भरून झाली की दुकानात त्या एक पौंडाला काय पडतं ते सांगा आणि त्यातले तोडणाऱ्याला किती मिळत असतील, याचा अंदाज त्यालाच करू द्या. गणिताच्या क्लासला आपण बरेच डॉलर भरतो. हे गणित त्याहून मोलाचं आहे.

ब्लूबेरीची आपल्या न्यू जर्सीतली एक गोष्टही त्याला सांगा. एके काळी ही फळं फक्त रानात मिळत. व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी १९११ पासून शेतीखात्याचे शास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्याबरोबर त्यांची लागवड करायला घेतली. टपोऱ्या फळांची झुडपं रानात कुठं आहेत, हे तिथल्या गरीब माणसांना माहीत होतं. एलिझाबेथबाईंनी त्यांना फळ मोजायचं माप दिलं, झुडूप दाखवल्याचे पैसे दिले आणि झुडपाला ते शोधणाऱ्याचं नाव दिलं. रूब लीक नावाच्या माणसानं शोधलेल्या झुडपाची 'रूबेल' ही जात आजही लावली जाते. १९१६ साली पहिलं पीक बाजारात गेलं. म्हणजे या फळाच्या मुळाशीच रानात पायपीट करणाऱ्याचं नाव आहे. आपल्या टोपलीच्या मुळाशी कोणाचं नाव आहे, एवढं तरी मुलांनी विचारावं.

"अहो, सहलीला गेलोय की व्याख्यानाला?" असं कोणी म्हणेलच. उड्या मारायचे हवेचे किल्ले, मक्याच्या शेतातला चक्रव्यूह, गवताच्या गाडीतली फेरी हे सगळं लहान मुलांना आवडतं, आणि त्यावर अनेक फार्म तगून आहेत, हेही खरं. त्या शेतकऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. दहिवरात बाग गेली तर किल्ल्याच्या तिकिटावर हप्ता भरता येतो. पण चार तासांच्या सहलीत झाडापाशी पंधरा मिनिटं आणि बाकी वेळ किल्ल्यात, हे प्रमाण ठरवणारे आपण असतो. झाडापाशी मूल कंटाळत नाही. कंटाळतो आपण, कारण आपल्याला पुढचा फोटो काढायचा असतो.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझ्या चार मागण्या आहेत. एक, चाळीस गाड्यांची फौज एकदम नेऊ नका. आठ-दहा कुटुंबांचे गट करा आणि फार्मला आधी फोन करून कळवा. दोन, प्रत्येक घरानं निघण्यापूर्वीच ठरवावं, की काय किती आणायचं आणि त्याचं काय करायचं. सफरचंदांचा साखरांबा घालणार असाल तर दहा पौंड आणा, नाहीतर तीन पुरे. खाली पडलेलं चांगलं फळ चालतं का, ते फार्मवर विचारा. साखरांब्याला ते उत्तम. तीन, फार्मच्या मालकाला किंवा मालकिणीला पंधरा मिनिटं मुलांशी बोलायची विनंती करा, आणि त्या वेळाचे पैसे द्या. आपण गायकाला मानधन देतो, शेतकऱ्याला का नाही? चार, वर्षातून एकदा सरवा वेचायला चला. कापणीनंतर शेतात राहिलेलं वेचणं म्हणजे सरवा, हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता. न्यू जर्सीत असा राहिलेला भाजीपाला आणि फळं वेचून गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांना माणसं लागतात. त्या दिवशी मुलं मजुरी करतील आणि पिशवी दुसऱ्याच्या घरी जाईल.

पुढच्या सप्टेंबरात कोणी बाबा किंवा आजोबा हसत विचारतील, "पैसे देऊन मजुरी करायला एवढ्या लांब आणलंत होय?" तेव्हा कसनुसं हसून विषय बदलू नका. सांगा त्यांना, "हो. आमच्या मुलांना मजुरी कशी असते हे कळावं, म्हणून आम्ही त्याची फी भरतो." आणि मग बघा, त्यांच्या लहानपणीच्या राखणीच्या, खळ्याच्या, मोटेच्या गोष्टी कशा आपोआप बाहेर येतात ते. त्या ऐकायला नातवंडं जवळच हवीत. झाडाखाली, रिकामी टोपली घेऊन.