संगणकाची झोप आणि फवारणीची वही



गेल्या हंगामातली गोष्ट आहे. तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार सकाळी सातलाच विश्रामबागेत आमच्या दारात उभे राहिले. बरोबर त्यांची सूनबाई होती. चहा आला तरी दोघांपैकी कुणी कपाला हात लावीना.

"साहेब, फवारणीची सगळी नोंद गेली," अण्णा म्हणाले. "रात्री कॉम्प्युटर झोपवला होता. सकाळी उठवला तर कोराच उठला."

सूनबाई खाली मान घालून बसल्या होत्या. नोंद ठेवण्याचे काम त्यांचेच.

ज्यांची बाग निर्यातीची नाही त्यांना यात काय मोठे, असे वाटेल. पण युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या बागेची कृषी खात्याकडे नोंदणी असते. कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या तारखेला मारले आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस गेले, हे सारे लिहिलेले लागते. मालात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर माल अडतो, आणि नोंदच नसेल तर बोलायला तोंड राहत नाही. वर्षभराचा पैसा त्या एका वहीवर अवलंबून असतो. ही वही आता बऱ्याच घरांत संगणकात गेली आहे.

मी खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. सूनबाई रोज रात्री नोंद करीत, पण फाईल बंद करीत नसत. तशीच उघडी ठेवून 'स्लीप' हे बटण दाबीत. दुसऱ्या दिवशी माऊस हलवला की जिथे सोडले तिथून पुढे सुरू. एकोणीस दिवस हे बिनबोभाट चालले. त्या रात्री लाईट गेली ती पहाटे आली. संगणकाने सकाळी विचारलेही होते की, वाचवलेली प्रत ठेवायची का? तेव्हा समोर शाळेत जाणारा धाकटा बसला होता. त्याला घाई होती, त्याने 'नको' म्हटले. झाले! हाती उरली ती एकोणीस दिवसांपूर्वी मुद्दाम साठवलेली फाईल. असा प्रश्न कधी समोर आला तर आधी 'ठेवा' म्हणावे. नको असलेली प्रत नंतर काढून टाकता येते.

आता ही झोप म्हणजे नेमके काय? हळदवाल्यांना चटकन कळेल असे सांगतो. तुम्ही काम करता तेव्हा ते काम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते, म्हणजे हळद अंगणात पसरलेली असते. 'सेव्ह' केले म्हणजे ती पेवात गेली. 'स्लीप' केल्यावर पडदा, पंखा, डिस्क सगळे थांबते, पण हळद अंगणातच राहते. तिच्यावर राखण ठेवायला थोडीशी वीज चालू असते. ती वीज तुटली की पाऊस आलाच म्हणून समजा. 'हायबरनेट' नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात संगणक अंगणातले सारे उचलून डिस्कवर ठेवतो आणि मगच पूर्ण बंद होतो. मग लाईट दोन दिवस जावो, उघडल्यावर काम जागच्या जागी सापडते. तिसरा प्रकार दोन्हींचा मेळ. झोपतानाच एक प्रत डिस्कवर टाकायची आणि स्मृतीही जागी ठेवायची. त्याला 'हायब्रिड स्लीप' म्हणतात. टेबलावरच्या पुष्कळ संगणकांत ती सोय असते, मात्र चालू आहे की नाही हे बघावे लागते.

ही झोप आली ती वीज वाचवण्यासाठी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ साली 'एनर्जी स्टार' ही खूण सुरू केली, ती प्रथम संगणक आणि पडद्यांसाठीच. हिशेब आपणही करून बघू. पडद्यासह ८० वॅट घेणारा संगणक दहा तास नुसता चालू राहिला तर ०.८ युनिट जळते, महिन्याला २४ युनिट. झोपेत ३ वॅट धरले तर तेच महिन्याला एक युनिटसुद्धा भरत नाही. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा. म्हणून झोप वाईट असे मी म्हणणार नाही. जिथे लाईटचा भरवसा नाही तिथे नुसत्या झोपेवर विसंबू नये, एवढेच.

आमच्या घरचा अनुभवही सांगून टाकतो, लाज कसली! सौ. रात्री निजताना घरातली सगळी बटणे बंद करतात, वीज वाचवायची म्हणून. त्यात संगणकाचे बोर्डही बंद होई. झोपलेल्या संगणकाचे बोर्ड बंद करणे आणि लाईट जाणे यात काडीचा फरक नाही. सकाळी मी संगणकाला दोष देत बसे. हे कळायला मला आठ दिवस लागले, आणि मी म्हणे बी. एस्सी. ॲग्री!

तर उपाय. विंडोजच्या 'कंट्रोल पॅनेल'मध्ये 'पॉवर ऑप्शन्स' आहे. तिथे बटणे काय करतात ते ठरवण्याचा भाग उघडा. 'हायबरनेट'समोर खूण करा. ओळी फिकट दिसत असतील तर वरची, सध्या बंद असलेली सेटिंग्ज बदलण्याची ओळ आधी दाबावी लागते. हायबरनेटचे नावच तिथे नसेल तर एक छोटा आदेश टाइप करून ते सुरू करावे लागते. ते जाणत्या माणसाकडून करून घ्या, पाच मिनिटांचे काम आहे. तिथेच प्रगत सेटिंग्जमध्ये 'स्लीप'खाली हायब्रिड स्लीप सापडते. ठरावीक मिनिटांनी झोपेतून आपोआप हायबरनेटमध्ये जाण्याची सोयही तिथेच असते. तुमच्या यंत्रावर शब्द थोडे इकडेतिकडे असतील, त्याला बिचकू नका.

काहींची तक्रार उलटी असते. संगणक झोपतच नाही! त्यांनी आधी माऊस उलटा करून ठेवून बघावा. काचेच्या टेबलावर माऊसचा बाण आपोआप थरथरत राहतो आणि यंत्राला वाटते मालक बसलेले आहेत. अडकलेले छपाईचे काम, मागे चालू राहिलेला व्हिडिओ, हीसुद्धा नेहमीची कारणे.

रात्री दोनला संगणक आपोआप जागा होतो, ही तक्रार मला तिघांनी तरी केली. एका घरी म्हातारीने भुताटकी ठरवली होती. कारण साधे असते. टेबलावरून उंदीर गेला, माऊसला धक्का लागला, यंत्र जागे झाले. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये माऊसचे गुणधर्म उघडून 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, या साधनाला संगणक जागा करू द्यावा अशा अर्थाची खूण काढून टाका. कीबोर्डची खूण मात्र राहू द्या, नाहीतर उठवायचे कशाने? नेटवर्क कार्डाचेही तसेच. एवढ्याने भागले नाही तर प्रगत सेटिंग्जमध्ये 'वेक टाइमर' बंद करा. अपडेटसाठी गजर लावून उठण्याची ती सोय आहे.

आणि पंखा फिरतो पण पडदा काळाच, असे झाले तर घाईने बोर्ड बंद करू नका. आधी पडद्याचे बटण आणि वायर बघा, कीबोर्डची कळ दाबा, मिनिटभर थांबा. काहीच हालचाल नसेल तेव्हा मुख्य बटण दहा सेकंद दाबून धरावे. वरचेवर होऊ लागले तर बहुधा पडदा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जुना झालेला असतो. तो नवा घालून घ्यावा.

आपल्या भागाला संगणक नवा नाही, हेही जाता जाता सांगतो. वारणानगर परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी १९९८ साली संगणक केंद्रांची योजना निघाली. ऊसवाल्यांची माहिती गावातच मिळू लागली. पुढे २००६ च्या सुमारास त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले गेले, कारण यंत्रे सांभाळणे जड जात होते. यंत्र घेणे सोपे, राखणे अवघड. ट्रॅक्टरवाल्यांना हे मी काय सांगणार!

असो. अण्णांच्या नोंदीचे काय झाले? औषध दुकानाची बिले घरात होती, त्यावरून औषधे आणि तारखांचा अंदाज लागला. पण बिलाची तारीख म्हणजे फवारणीची तारीख नव्हे. तिथे सूनबाईंच्या सासूबाई कामाला आल्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या आकड्यांशेजारी त्या पेन्सिलीने 'फवारा' असे लिहून ठेवीत, कारण त्या दिवशी मजुरांचा चहा जास्त लागे! बिले, दिनदर्शिका आणि ब्लोअर चालवणाऱ्या गड्याची आठवण, तिन्ही जुळवून दोन दिवसांत एकोणीस दिवस उभे राहिले. जिथे तिन्हींचा मेळ बसला नाही अशी एक फवारणी निघाली. ती मी संशयित म्हणून तशीच लिहायला लावली आणि काढणीपूर्वीचे दिवस त्यानंतरच्या तारखेपासून मोजायला सांगितले. अण्णांना ते रुचले नाही, आठवडाभर माल थांबला. पण खोटी तारीख घालणे मला जमणार नव्हते.

आता सूनबाई दर शनिवारी फाईल पेनड्राइव्हवरही घेतात. हळदीची उपमा त्यांना पटली होती, पण जाताना त्यांनी मलाच विचारले, "साहेब, पेव तरी कुठे कायमचं असतं? हरिपूरची पेवं २००५ च्या पुरात बुडालीच की!" मी काय उत्तर देणार? पेनड्राइव्ह त्या दिवशी मीही विकत घेतला.